साठ की आठ?

लगीनसराईच्या दिवसांत दुपारी नागपूरच्या गांधीबागेतल्या कुठल्याही होलसेल कापडाच्या दुकानात गादीच्या कडेला पाच मिनिटं बसून पाहा. भंडाऱ्याकडचा एक दुकानदार साडीचा पदर बोटांत धरून म्हणत असतो, "सेठ, तीनशे साठनं लावा ना, जुनं गिऱ्हाईक आहो मी." त्याच क्षणी मुनीम फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याला बिल्टीचा नंबर वाचून दाखवतो. डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल "सरका, सरका बाप्पा!" म्हणत आत शिरतो. दोन बाया डझनभर साड्यांच्या रंगावरून आपसात मराठीत बोलतात आणि नोकराशी हिंदीत. बाहेर गल्लीत ई-रिक्षाचा हॉर्न अडकल्यासारखा वाजत असतो. या सगळ्यात सेठ वही खाली ठेवत नाही, मानही वर करत नाही. भंडाऱ्याच्या माणसाला म्हणतो, "साठ नाही, सत्तर." मुनिमाला सांगतो, "शेवटचा आकडा चुकला." आणि नोकराला, "त्यांना मोरपंखी दाखव."

तीन बोलणी एकमेकांवर पडली होती. त्याने तिन्ही वेगळी केली, तिन्ही ओळखली आणि तिन्हींना उत्तर दिलं. या कामासाठी जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांनी गेली सत्तर वर्षं घाम गाळला आहे. अलीकडच्या पंचवीस वर्षांत रोबोंनाही हेच शिकवणं सुरू आहे. आपल्या सेठला त्याची कल्पनाही नसेल. आपल्याला मात्र असायला हवी, कारण त्या दोन कानांच्या मधोमध जे घडतं ते अक्षरशः थक्क करणारं आहे.

आधी अडचण किती मोठी आहे ते पाहू. कानाच्या पडद्यापर्यंत तीन आवाज तीन वेगवेगळ्या वाटांनी येत नाहीत. पडद्यावर येतो तो हवेचा एकच दाब, क्षणाक्षणाला कमी-जास्त होणारा. पडदा आत जातो, बाहेर येतो, एवढंच. गिऱ्हाइकाचा आवाज, हमालाची हाक, हॉर्न या सगळ्यांची बेरीज होऊनच तो दाब तयार होतो. कुणी तुम्हाला "बारा" एवढाच आकडा दिला आणि सांगा म्हटलं की हे सात आणि पाच होते की आठ आणि चार, तर काय सांगाल? कान आणि मेंदू मिळून हे गणित सतत सोडवत असतात.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी ध्वनीच्या आकलनावरच्या आपल्या 1990 च्या ग्रंथात यासाठी एक दाखला दिला होता. तो आपल्या शुक्रवारी तलावावर मांडून पाहू. तलावाच्या काठावर शेजारी शेजारी दोन अरुंद चर खणा. पाणी आत येऊ द्या. प्रत्येक चरात एक रुमाल ताणून बांधा. आता तलावाकडे पाठ करा आणि फक्त ते दोन रुमाल कसे हलतात ते पाहून सांगा: तलावात नावा किती आहेत, कोणती जवळ आहे, कोणती कुठे निघाली आहे, वारा सुटला आहे का, कुणी दगड टाकला का. अशक्य वाटतं. पण दोन चर म्हणजे आपले कानाचे बोगदे आणि रुमाल म्हणजे पडदे. आपण जन्मभर हेच करत आलो आहोत.

या कोड्यावर एक गाजलेला प्रयोग झाला तो 1953 मध्ये. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे कॉलिन चेरी यांनी एकाच माणसाच्या आवाजातले दोन वेगवेगळे मजकूर एकावर एक मिसळले आणि लोकांना ऐकवून त्यातला एक वेगळा काढायला सांगितला. लोकांना घाम फुटला. टेप पुन्हा पुन्हा ऐकावी लागली. मग चेरींनी तेच दोन मजकूर वेगळे केले, एक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात. काम एकदम सोपं झालं. लोक एका कानातला मजकूर सहज मोठ्याने म्हणत गेले. दुसऱ्या कानात काय चाललं होतं असं विचारल्यावर मात्र फारसं काही सांगता येईना. तिथली भाषा इंग्रजीची जर्मन झाली तरी पत्ता लागला नाही. पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली ते मात्र कळलं. पुढे 1959 मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तर साधारण एक तृतीयांश लोकांचं लक्ष लगेच तिकडे गेलं. म्हणजे ज्याच्याकडे आपण कान देत नाही तेही मेंदू पूर्णपणे टाकून देत नाही. गल्लीत कुणी नावाने हाक मारली की सेठ मान वर करतो, ते यामुळेच.

दोन कानांचा उपयोग कसा होतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्येच सांगून ठेवलं होतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात थोडा उशिरा. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. डोक्याला वळसा घालायला त्याला फार तर एका सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा वेळ लागतो. ही झाली कमाल मर्यादा. माणसाचा मेंदू सेकंदाच्या एक लक्षांश भागाएवढा, म्हणजे दहा मायक्रोसेकंदांचा फरकसुद्धा ओळखतो. मज्जातंतूचं एक स्पंदन यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं. एवढ्या संथ तंतूंनी एवढं बारीक घड्याळ मेंदूने कसं उभारलं, याचा विचार करताना मी तर प्रत्येक वेळी थबकतो.

आणि ही विद्या फक्त माणसाकडेच आहे असंही नाही. राजा पेंग्विनांच्या वसाहतीत हजारो पक्षी एकाच वेळी ओरडत असतात. त्या कोलाहलात आईबापांची हाक बाकीच्या गोंगाटाहून हलकी असली तरी पिल्लू ती नेमकी ओळखतं, असं फ्रेंच संशोधक ऑबिन आणि जुव्हेंतँ यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं. पिल्लाला ओळखू आली नाही तर घास नाही, इतका रोकडा व्यवहार आहे हा.

आता पुन्हा दुकानात येऊ आणि एकच शब्द जवळून पाहू. तीनशे साठ आणि तीनशे आठ. बावन्न रुपयांचा फरक. हा सगळा फरक एका "स"वर टेकलेला आहे. तो "स" जेमतेम सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा टिकतो. "आ" म्हणताना स्वरतंतू थरथरतात, त्याला ठरलेली पट्टी असते आणि पुरुषाच्या आवाजात ती सहसा सेकंदाला शंभर ते दीडशे कंपनांच्या आसपास राहते. "स"ला पट्टीच नाही. दातांमधून सुटलेली ती हवेची नुसती शिट्टी. तिचं बहुतेक बळ सेकंदाला चार हजार कंपनांच्या वर असतं. जुन्या टेलिफोनच्या तारेतून 3400 च्या वरचं काही जातच नव्हतं, म्हणून फोनवर "साठ, साठ! सहा-शून्य!" असं ओरडून सांगायची आपल्याला सवय लागली. बाजारात काय होतं? नेमक्या त्या क्षणी शेजारी कुणी "सरका" म्हटलं, तर एक "स" दुसऱ्या "स"वर पडतो. दोन्ही शिट्ट्या, पट्टी कशालाच नाही. मग हा "स" कुणाचा?

सेठ तरीही फसत नाही, कारण ती साडी तीनशे आठला कुणी मागणारच नाही हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या ऐकण्यात मालाची जाण मिसळलेली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये एक प्रयोग केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका इंग्रजी शब्दातला "स" त्यांनी पूर्ण कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं की शब्द पुरा होता, काहीच गहाळ नव्हतं. खोकला नेमका कुठे आला, तेही त्यांना धड सांगता आलं नाही. जो "स" नव्हताच तो त्यांनी ऐकला होता. म्हणजे ऐकण्यात आत येणं जेवढं असतं, तेवढंच आतून भरून काढणंही असतं.

यंत्राला हे शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची? जपानी संशोधकांनी ती रोबोच्या डोक्यापासून केली. तोवर बोलणं समजणाऱ्या यंत्रांसमोर माणसाने तोंडाजवळ माइक धरून, एकट्याने, शांत खोलीत बोलावं अशी अपेक्षा असायची. 2000 साली काझुहिरो नाकादाई, हिरोशी ओकुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "सिग" नावाच्या मानवाकृती रोबोवर वेगळा विचार मांडला: रोबोने स्वतःच्याच कानांनी ऐकावं आणि नीट ऐकू यावं म्हणून आपल्यासारखी मानही वळवावी. मान वळवली की मानेतली मोटर घरघरते, आणि ती कानाच्या इतकी जवळ असते की समोरच्या माणसाचा आवाज तिच्यात बुडून जातो. म्हणून त्यांनी कवचाच्या बाहेर दोन माइक बसवले आणि आतही दोन. आतले माइक रोबोचा स्वतःचा आवाज टिपतात, मग बाहेर ऐकू आलेल्यातून तो वगळता येतो.

याच मंडळींनी पुढे क्योतो विद्यापीठ आणि होंडाच्या संशोधन संस्थेच्या मदतीने "हार्क" नावाची प्रणाली तयार केली आणि 2008 मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. जपानात राजपुत्र शोतोकूची आख्यायिका आहे. दहा जणांची गाऱ्हाणी तो एकाच वेळी ऐकून घेई आणि प्रत्येकाला योग्य उत्तर देई म्हणतात. ओकुनोंच्या गटासमोर हाच आदर्श होता. त्यांच्या रोबोंनी एकाच वेळी बोलणाऱ्या अनेक जणांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेऊन दाखवल्या आणि दगड-कागद-कात्रीच्या खेळात सगळे एकदम ओरडले तरी पंचाचं काम केलं.

या प्रणालीची रीत समजून घेण्याजोगी आहे. रोबोच्या डोक्याभोवती माइकांचं कडं असतं, बहुधा आठ माइकांचं. आवाज कोणत्या माइकला किती आधी पोचला यावरून प्रत्येक बोलणाऱ्याची दिशा निघते. मग त्या दिशेचा आवाज सर्व माइकांत जुळवून मिळवला की तो बळावतो आणि इतर दिशांचे आवाज एकमेकांना खोडतात. तरीही काही भेसळ उरतेच. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. वेगळा केलेला आवाज शब्द ओळखणाऱ्या भागाकडे देताना रोबो सोबत एक टिपणही देतो: आवाजाचा एवढा भाग भरवशाचा आहे, एवढा दुसऱ्याच्या आवाजाने खराब झालेला आहे, तो धरू नकोस. ऐकणाऱ्याने आपल्याला काय नीट ऐकू आलं नाही हेही सांगावं, हा गुण माझ्या मते यंत्रात असायलाच हवा. जे यंत्र "साठ की आठ ते कळलं नाही, पुन्हा सांगा" असं म्हणू शकतं, त्याच्यावरच हिशेबाचा भरवसा ठेवता येईल.

इथे गांधीबागेची एक गंमत सांगितली पाहिजे. रोबोचा मोठा शत्रू म्हणजे प्रतिध्वनी. भिंतीवरून, शटरवरून परतलेला आवाज दुसऱ्याच दिशेने येतो आणि दिशेचं सगळं गणित बिघडवतो. सिमेंटच्या अरुंद गल्लीत हे सतत घडतं. पण दुकानात छतापर्यंत थानं रचलेली असतात. कापड सच्छिद्र असतं आणि आवाजाची ऊर्जा त्या छिद्रांत जिरून जाते, उंच पट्टीची तर विशेष. म्हणजे "स"ची शिट्टी फारशी परतून येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत पैसे खर्चून जे करावं लागतं, ते इथे मालानेच करून ठेवलं आहे. असा रोबो उद्या गांधीबागेत आला, तर त्याला गल्लीपेक्षा गादीवर चांगलं ऐकू येईल.

गेल्या दहा वर्षांत या कामाने वेगळंच वळण घेतलं. अनेक माइकांऐवजी एकाच माइकवर आलेल्या मिश्रणातून आवाज वेगळे करता येऊ लागले. त्यामागची कल्पना अशी की आवाजाचे वेळेनुसार आणि पट्टीनुसार बारीक बारीक खण पाडले, तर प्रत्येक खणात बहुतेकदा कुणा एकाचाच आवाज वरचढ असतो. एक जण "आ" म्हणत असतो तेव्हा दुसरा श्वास घेत असतो. दोघांचे स्वर एकाच वेळी आले तरी पट्ट्या सहसा नेमक्या जुळत नाहीत. मग प्रश्न एवढाच उरतो की कोणता खण कुणाचा. 2016 मध्ये अमेरिकेतल्या जॉन हर्शे आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या मज्जाजालाला हे खण गटागटांत लावायला शिकवलं. फक्त दोघांच्या मिश्रणांवर शिकलेलं त्यांचं यंत्र तिघांचे आवाजही बऱ्यापैकी वेगळे करू लागलं. ते शब्द शिकलंच नव्हतं. एक गळा दुसऱ्या गळ्याहून वेगळा कसा असतो, हे ते शिकलं होतं.

या यंत्रांना शिकवायचं कसं, तर दोन स्वच्छ ध्वनिमुद्रणं घ्यायची, संगणकात मिसळायची, मिश्रण यंत्राला द्यायचं आणि त्याचं उत्तर मूळ ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहायचं. सोपी, सोयीची पद्धत. माझी खरी तक्रार तिच्याविषयीच आहे. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी 1911 मध्येच नोंदवलं होतं की गोंगाटात माणूस वेगळ्याच प्रकारे बोलतो. आवाज चढतो, पट्टी वर जाते, स्वर लांबतात. गांधीबागेत भंडाऱ्याचा माणूस हमालाच्या हाकेमुळे "साऽठ" म्हणतो, आणि त्याचा आवाज चढला म्हणून मुनीम फोनवर आणखी मोठ्याने बोलतो. बाजारातले आवाज एकमेकांना घडवत असतात. शांत खोल्यांत वेगवेगळे मुद्रित केलेले दोन आवाज संगणकात मिसळले, तर त्यांची बेरीज होईल, पण बाजार होणार नाही.

2018 च्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेने हे उघड केलं. खऱ्या घरांत, चार-चार मित्रांच्या जेवणाच्या वीस मैफली मुद्रित केल्या होत्या. भांड्यांचा आवाज, हसणं, एकमेकांचं बोलणं तोडणं, सगळं त्यात होतं. खोलीत लांब ठेवलेल्या माइकांवरून शब्द ओळखायचे होते. आयोजकांच्या मूळ प्रणालीचे शंभरात सत्तरहून जास्त शब्द चुकले. सर्वांत पुढे राहिलेल्या गटाचेही सुमारे सेहेचाळीस चुकले. त्यानंतर प्रगती झाली आहे, पण ती घरं होती आणि भाषा एकच होती. आपल्याकडे एका वाक्यात मराठी, पुढच्यात हिंदी आणि आकडे कशातही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने 2023 मध्ये झालेल्या "डिस्प्लेस" या उपक्रमात नेमका हाच प्रश्न घेतला होता: अनेक जण, अनेक भाषा, लांबचा माइक, कोण केव्हा बोललं आणि कोणत्या भाषेत?

महाराष्ट्रातही या दिशेने पावलं पडली आहेत. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने गाण्याच्या ध्वनिमुद्रणातून गायकाची सुरावट वेगळी काढण्यावर मोठं काम केलं. हार्मोनियम गायकाच्या मागोमाग त्याच सुरांत चालते; पट्टी जुळली की खणांची युक्ती फसते, त्यामुळे हे काम बाजारातल्या गलक्याइतकंच कठीण. आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शेतमालाचे बाजारभाव फोनवर विचारता यावेत म्हणून राज्यातल्या शेतकऱ्यांचे मराठी आवाज मोबाईलवरून गोळा केले आणि त्याची माहिती 2013 मध्ये मांडली. हा पाया मोलाचा आहे. पण फोनवर माणूस एकटा बोलतो, गादीवर नाही.

हे सगळं रोबोसाठीच कशाला, असं कुणी विचारेल. ज्यांचं ऐकू येणं वयाने कमी झालं आहे त्यांना विचारा. साधं श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं, गोंगाटही. म्हणून कित्येक जुने व्यापारी, घरातले आजोबा, चार माणसं जमली की गप्प बसतात. ओहायोतल्या हीली आणि वांग यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवलं की संगणकाने गोंगाटातून आवाज वेगळा करून दिला, तर ऐकू कमी येणारी माणसं त्या गोंगाटात काही वेळा धडधाकट कानांच्या माणसांपेक्षाही जास्त शब्द ओळखतात. "हार्क" बनवणाऱ्या जपानी गटाने ड्रोनवर माइक बसवून ढिगाऱ्याखालच्या माणसाची हाक शोधायचं कामही हाती घेतलं. पंख्यांच्या घरघरीतून एक क्षीण हाक काढणं ही "सिग"च्या मानेतल्या मोटरचीच मोठी आवृत्ती आहे.

यात एक धोकाही आहे, आणि तो लपवू नये. गर्दीतून हवा तो आवाज उचलणारं यंत्र चोरून ऐकायलाही वापरता येईल. कुणाला काय भाव दिला हे व्यापाऱ्याचं गुपित असतं. म्हणून ज्यांचा आवाज आहे त्यांच्या संमतीशिवाय हे काम होता कामा नये.

व्हीएनआयटी आणि नागपूरच्या आयआयआयटीतल्या विद्यार्थ्यांना म्हणून एक विनंती. परदेशातल्या जेवणाच्या मैफलींवर शिकलेली यंत्रं घेऊन बसू नका. गांधीबागेत या. गादीवरच्या चौघांच्या कॉलरला एकेक माइक लावा, मधोमध आठ माइकांचं कडं ठेवा आणि लगीनसराईतला एक तास मुद्रित करा. त्यातला भाव, नाव, फोन नंबर वगळा आणि बाकीचं सगळ्या संशोधकांसाठी खुलं करा. मात्र आधी सेठला विचारा, मुनिमाला विचारा आणि हमालालाही विचारा.